पुसायला घेऊ का?

"मॅडम, तुमचं खेळून झालं असंल तं पुसायला घेऊ का?"

हॉलच्या दारात मावशी उभ्या होत्या. साडीचा ओचा खोचलेला, एका हातात बादली, खांद्यावर जुन्या बनियनचं फडकं. श्रावणातला रविवार, संध्याकाळचे साडेसहा वाजून गेलेले. बाहेर पाऊस थांबला होता, पण पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं. आत आम्ही बारा जण. त्यातले अकरा गुडघ्यापर्यंत आणि कोपरापर्यंत रंगलेले, बारावी मी, पांढऱ्या कुर्त्यात, हातात चहाचा कागदी कप. पाहायला आलेली चाळीसेक माणसं फोटो काढून, 'काहीतरी वेगळंच केलंत हं' असं म्हणून पांगली होती. नाशकात असं काही फारसं कुणी करत नाही, आपण केलं, अशी एक फुशारकी मला आतून गुदगुल्या करत होती. आणि तेवढ्यात हा प्रश्न. त्यात टोमणा नव्हता, हे मी तेव्हाही जाणत होते. त्यांना सातची सिटी बस धरायची होती, इतकंच. पण 'खेळून' हा शब्द मला जाऊन रुतला. सहा रविवार मीच सगळ्यांना ओरडून सांगत होते, खेळा, खेळा, नाटक करू नका, नुसतं खेळा. तोच शब्द दारातून परत आला तेव्हा तो माझा वाटेना.

मी नाटकाच्या कार्यशाळा घेते. बहुतेक मुलांच्या, उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत. या वेळी ठरवलं की मोठ्यांची घ्यायची, आणि संवाद, संहिता, भूमिका यांतलं काही ठेवायचं नाही. रंग आणि अंग, एवढ्या दोनच गोष्टींवर वीस मिनिटांचं काहीतरी सगळ्यांनी मिळून रचायचं. नाव न देता आलेल्या गोष्टीला हल्ली परफॉर्मन्स आर्ट म्हणतात, तसं मीही मेसेजमध्ये लिहिलं. आले ते लोक पाहून मलाच हसू आलं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार, ज्यांना त्यांच्या मुलीनं 'बाबा, तुम्ही पावसाळ्यात नुसते बसून असता' म्हणून ढकललं होतं. सिडकोत ब्युटी पार्लर चालवणारी एक ताई. मंगळागौरीचे खेळ करायला घरोघर जाणाऱ्या गटातल्या दोघी. इंजिनिअरिंगची तीन मुलं, एक शिक्षिका, आणि एक आई तिच्या नऊ वर्षांच्या मुलासकट, कारण त्याला ठेवायचं कुठे हा प्रश्न होता.

पहिला रविवार साफ फसला. मी मधोमध रंगाची घमेली ठेवली, मंद संगीत लावलं आणि म्हणाले, रंगाशी मोकळे व्हा. अकरा माणसं लग्नाच्या स्टेजवर आहेर द्यायला उभी असावीत तशी घमेल्याभोवती उभी राहिली. शिक्षिकेनं करंगळीचं टोक बुडवलं आणि रुमालाला पुसलं. शेवटी काका म्हणाले, "ताई, नक्की काय करायचं ते सांगा, म्हणजे करून मोकळे होऊ." सगळे हसले, मीही हसले, पण घरी येताना त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला थांबले असताना वाटलं की काकांचंच बरोबर. मोकळं व्हा म्हटल्यावर माणूस आखडतोच. लहान मुलांना कधी कुणी 'मोकळेपणाने खेळा' म्हणत नाही. त्यांना राज्य कुणावर ते ठरवायचं असतं, कुठली रेघ ओलांडली की बाद ते ठरवायचं असतं. नियम असले की त्यांच्या आडून माणूस वाटेल ते करतो. दुसऱ्या रविवारी मी संगीत बंद ठेवलं आणि विचारलं, लहानपणी काय काय खेळायचात? मग मात्र ऐकवेना इतका गलका झाला.

सामानाचीच एक वेगळी कथा झाली. आधी आम्ही जमिनीवर फ्लेक्स अंथरले. नाशकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स फुकटात मिळतात, फक्त उतरवायला शिडी लागते. त्यांची मागची बाजू पांढरी स्वच्छ. भिंतीला लावायचा डिस्टेंपर आणि त्यात स्टेनरच्या बाटल्या, असा रंग. पाच मिनिटांत काका घसरले. कुणाच्या तरी दाढीवाल्या शुभेच्छुक चेहऱ्यावर, उलट बाजूने, सपशेल बसले. लागलं नाही, पण आमची सगळ्यांची गाळण उडाली. ओला डिस्टेंपर फ्लेक्सवर आणि फ्लेक्स टाइल्सवर, म्हणजे दुहेरी घसरगुंडी. पार्लरवाल्या ताईंनी तर बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून ठणकावलं, "हे भिंतीचं आहे, कातडीचं नाही. मी कुणाला लावू देणार नाही." मग फ्लेक्स गेले, स्टेनर गेले. मेनरोडवरून कोरं मांजरपाट आणलं, शिंप्याकडून चार पट्टे जोडून घेतले. रविवार कारंज्याजवळून हळद, गेरू आणि कपड्यांची नीळ. तिन्ही मैद्याच्या खळीत कालवून पाहिलं तर रंग सुरेख झाला, पण पाय पुन्हा सटकायला लागले. त्यावर मंगळागौरवाल्या दोघींपैकी एकीनं मूठभर रांगोळी टाकली आणि म्हणाली, आता धरेल. धरलं. पुढचे चार रविवार हॉलमध्ये हळदीचा, ओल्या मातीचा आणि न शिजलेल्या मैद्याचा असा मिळून एक वास असायचा. लग्नघराचा म्हणावा तर त्यात शाळेच्या हस्तकलेच्या तासाचाही अंश होता. पावसाळी हवेत काही वाळायचं नाही. कापड दर वेळी घडी करून गच्चीवरच्या पत्र्याखाली टाकायचं आणि पुढच्या रविवारी उलगडलं की आंबूस भपकारा.

एक रविवार असाच वाया गेला. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि अर्धी मंडळी रामकुंडावर, गोदावरीचा पूर ज्याच्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला गेली होती. कमरेपर्यंत, असा निरोप फोटोसकट आला. नाशिककराला यापुढे काही बोलता येत नाही.

मग खेळांतून हालचाल सापडत गेली. लंगडी घातली की कापडावर एकाच पायाचे ठसे उमटतात. सुरुवातीला लांब लांब आणि ठसठशीत, नंतर जवळ जवळ आणि फिसकटलेले. दमल्याचा आलेखच तो. काकांना लंगडी जमणार नव्हती. ते साधे चालले, पण त्यांचा ऑपरेशनचा पाय किंचित ओढला जातो, म्हणून त्यांच्या प्रत्येक ठशामागे एक शेपटी उमटायची. ते स्वतःच वाकून पाहत राहिले. "इतकं ओढतो मी? डॉक्टर तर म्हणाले, ठीक चाललंय." फुगडीचं तर मला आजही नवल वाटतं. इतकी वर्षं मी फुगडी पाहिली ती वर, हातांच्या फुलीकडे आणि मागे झुकलेल्या वेण्यांकडे. पायांकडे कधी पाहिलंच नव्हतं. त्या दोघींपैकी एकीचे पाय हळदीत आणि दुसरीचे निळीत. चवडे जुळवून त्या फिरल्या, आणि थांबल्या तेव्हा खाली जेमतेम हातभर रुंदीचं एक घासलेलं चक्र होतं. कडेला पिवळं-निळं वेगळं, आणि मध्यात जरा मळकट असा शेवाळी हिरवा. एवढ्या गिरक्या, एवढा दम, आणि जमिनीला ठाऊक होती फक्त परातीएवढी जागा. गाठोडंही केलं, पायांचे अंगठे धरून लोळत जाण्याचं. ते इंजिनिअरिंगच्या मुलांना इतकं आवडलं की त्यांना थांबवावं लागलं.

सगळ्यात सुंदर हालचाल मात्र द्राक्षवाल्यांनी दिली. ते कायम कडेला हात मागे बांधून उभे असायचे. मी म्हटलं, दादा, तुम्ही रोज अंगानं काय करता, ते करा ना. ते विचारात पडले आणि म्हणाले, "सध्या काही नाही, पण छाटणीनंतर डिपिंग असतं." ज्यांनी बाग पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे: मांडवाखालून चालायचं, मगात जीएचं, म्हणजे घड वाढवणाऱ्या संजीवकाचं, पाणी घ्यायचं, वर हात करून लटकणारा एकेक घड त्यात बुडवायचा आणि पुढे सरकायचं. खाली वाकायचं नाही, वरच पाहायचं, ओळ संपेपर्यंत. त्यांनी मगात गेरू घेतला आणि हवेतले घड बुडवत हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. प्रत्येक घडाला मग किंचित तिरपा होई आणि गेरूचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत येऊन टप्पकन खाली पडे. ते चालत गेल्यावर मागे कापडावर सरळ रेषेत, सारख्या अंतरावर लाल थेंब होते. वेलीवेलींमधलं अंतर. त्यांनी पावलं मोजली नव्हती, अंगातच होती ती. तो नऊ वर्षांचा पोरगा लगेच त्यांच्या मागे हात वर करून चालायला लागला आणि मग बाकीचे सगळेच. एका निपचित, ओल्या दुपारी अकरा माणसं नसलेल्या मांडवाखाली नसलेले घड बुडवत चालली होती, आणि कुणी हसत नव्हतं.

इंजिनिअरिंगच्या मुलांना एव्हाना नाद लागला होता. मोबाइलवर शोधून शोधून ती काहीबाही दाखवायची. जपानमधल्या गुताई नावाच्या गटातला काझुओ शिरागा, जो छताला बांधलेल्या दोराला लटकून पायांनी चित्रं काढायचा, आणि 1955 साली तोक्योत चिखलाच्या ढिगाऱ्यात उतरून त्याच्याशी झोंबला होता. काकांनी ते पाहून 'पोळ्याला आमच्याकडे असंच व्हायचं' असा अभिप्राय दिला. मग पॅरिसमधला ईव्ह क्लाइन. मार्च 1960. प्रेक्षक नटूनथटून खुर्च्यांवर, वाद्यवृंद वीस मिनिटं एकच सूर धरून वाजवतोय आणि पुढची वीस मिनिटं गप्प, आणि तीन स्त्रिया अंगाला निळा रंग फासून कागदावर स्वतःचे ठसे उमटवताहेत. क्लाइन बाजूला, काळ्या सुटात, पांढऱ्या बोमध्ये, हातानं खुणा करत. त्याचा तो जगप्रसिद्ध निळा आणि आपल्या जुन्या निळीच्या पुडीतला निळा एकाच घराण्यातले, दोन्ही अल्ट्रामरिन. हे ऐकून पार्लरवाल्या ताई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या सासूबाई धोतरं निळवायच्या ते हेच की." सगळ्यांची हसाहस चालली असताना काकांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून नीट पाहिलं. "हा स्वतः मात्र कोरडाच आहे की." माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं, माझ्या कुर्त्याकडे. मनात म्हटलं, कुणीतरी बाहेरून बघावंच लागतं, दिग्दर्शकाचं कामच ते. अजूनही मला ते पटतं. पटतं आणि तरीही त्या दिवशीचा तो स्वच्छ कुर्ता मी नंतर फारसा घातलेला नाही.

कोरडं राहण्याची सवय तशी जुनी. माझं लहानपण जुन्या नाशकात, तिवंधा चौकापासून हाकेच्या अंतरावर गेलं. रहाड म्हणजे काय हे नाशिकबाहेरच्यांना समजावताना माझी नेहमी पंचाईत होते, कारण ती आहे हे वर्षभर आम्हालाही दिसत नाही. रस्त्याखाली ती पेशवेकाळातली दगडी कुंडं, वर ओंडके, त्यावर माती, त्यावरून स्कूटर आणि हातगाड्या. रंगपंचमीच्या आधी चौक खणला जातो, जमिनीला तोंड फुटतं आणि आत रंगाचं पाणी भरतं. तिवंध्याची पिवळी, दिल्ली दरवाजाची केशरी, पंचवटीत शनी चौकाची गुलाबी. कुठे उडी मारून आलात हे विचारायला लागत नाही, अंगावरच लिहिलेलं असतं. माझे वडील एरवी कमालीचे अबोल, टापटीप, ऑफिसच्या शर्टाला रोज इस्त्री. पण त्या दिवशी कठड्यावरून पाय जुळवून अशी धप्पा उडी मारायचे की काठावरची दोन-तीन माणसं न्हाऊन निघायची. मी शेजारच्या वाड्याच्या गॅलरीतून, आजूबाजूच्या बायकांच्या कमरांमधून डोकं काढून पाहायची. वडील पाण्यात नाहीसे होत आणि पिवळाधमक एक अनोळखी माणूस वर येई, तोंड उघडं टाकून हसत. त्या क्षणाची मला दर वर्षी थोडी भीती वाटे आणि दर वर्षी वाटही पाहायची मी. त्यांना हाक मारायचा धीर मात्र झाला नाही कधी.

घरी आले की ते अंगणातून थेट मोरीत. त्यांचे कपडे, टॉवेल, मोरीची फरशी, उंबऱ्यापासून मोरीपर्यंतची पावलं, हे सगळं मग आई घासायची. सोडा, साबण, नारळाची शेंडी. वडिलांचा रंग दोन-तीन दिवसांत फिका व्हायचा. आईच्या नखांच्या कडा पाडव्याला गुढी उभारतानाही पिवळ्या असायच्या. ती त्या रहाडीत कधी उतरली नव्हती.

बसवता बसवता आमचं सगळं जमत गेलं, एक गोष्ट सोडून. शेवट. नाटकाला शेवट असतो, कारण गोष्ट संपते. खेळाला असतो, कारण कुणीतरी हरतं किंवा आई जेवायला हाक मारते. आमच्यात कुणी हरत नव्हतं. आम्ही संथ होत थांबून पाहिलं, सगळे कापडावर आडवे झाले, एकदा सगळ्यांनी कापडाची टोकं धरून ते उचललं. प्रत्येक वेळी तो शेवट स्नेहसंमेलनातल्या समूहनृत्यासारखा दिसायचा, आता टाळ्या वाजवा म्हणणारा. मुलानं सुचवलं की कुणीतरी शिंकावं. तेच त्यातल्या त्यात बरं होतं. प्रयोगाच्या दिवशी शेवटी मीच कडेला उभी राहून टाळी वाजवली आणि सगळे थांबले. कोरड्या माणसानं टाळी वाजवली आणि खेळ संपला. लोकांनीही मग वाजवल्या.

आणि मग तो प्रश्न. पुसायला घेऊ का.

मी म्हटलं, थांबा मावशी, कापड उचलतो आधी. चौघांनी चार टोकं धरून मांजरपाट उचललं आणि आम्ही जागीच उभे राहिलो. फ्लेक्स काढून टाकल्याचा परिणाम आमच्या कुणाच्याच लक्षात आला नव्हता. कापडातून रंग पाझरून खाली पांढऱ्या टाइल्सवर सगळं पुन्हा उमटलं होतं. पुसट, कडा सुटलेलं. फुगडीचं चक्र ढगासारखं, काकांच्या शेपट्या आणखी लांब, डिपिंगचे थेंब फुगून वाटाण्याएवढे. आम्ही न काढलेलं दुसरं चित्र. मुलं मोबाइल काढू लागली. मावशींनी ते क्षणभर, खरोखर क्षणभरच पाहिलं. मग बादलीत वॉशिंग पावडरची मूठ सोडली, हातानं फेस केला आणि अर्धी बादली फरशीवर ओतली.

हळद लाल झाली.

एकदम, डोळ्यांदेखत. साबणाचं पाणी जिथे जिथे पोचलं तिथे पिवळा रंग आधी शेंदरी आणि मग विटकरी-लाल होत गेला, जणू कुणी फरशीखालून दिवा लावत चाललंय. खार लागला की हळद लाल होते हे शाळेत लिटमसच्या धड्यात सगळ्यांनीच केलेलं असतं, आणि हळदीला चुना लावूनच घरोघरी कुंकू होत असे, हेही ऐकून माहीत. पण वीस मिनिटांच्या आमच्या प्रयोगात असं काही घडलं नव्हतं, जे पाहून श्वास अडकावा. "कुंकू झालं बगा," मावशी म्हणाल्या आणि बसून पुसायला लागल्या. उकिडव्या. उजवा हात डावीकडून उजवीकडे मोठा अर्धगोल काढत यायचा, मग दोन पावलं मागे, पुन्हा अर्धगोल. फेसाच्या कडेनं लाल आणि निळी अशी झालर, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखी. कुठेही ताल चुकत नव्हता. एक मुलगी कुजबुजली, "मॅम, हे घ्यायला पाहिजे होतं आपण." मला ते आवडलं आणि त्याच क्षणी लाज वाटली. एक बाई आमची घाण काढतेय आणि आम्ही तिच्या रेषेकडे बघतोय. मी कुर्त्याच्या बाह्या सारल्या, दुसरं फडकं घेतलं आणि दारापाशी बसून पुसायला सुरुवात केली.

"ओ मॅडम, तिकडून नका. कोपऱ्यात अडकून बसाल. आतून धरा अन् दाराकडं सरकत या."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी, सिन्नरजवळच्या गावात, आजीच्या तोंडून. आजी ओटीवरची जमीन सारवायची ती अशीच: आतल्या भिंतीपासून सुरू, शेणाचा काला, बोटांचे अर्धगोल एकमेकांत गुंतवत, मागे मागे सरकत, उंबऱ्याशी येऊन संपवायची. शेवटचा हात उंबऱ्यावरून फिरला की ती बाहेर असायची आणि घर आत, ओलं. वाळेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही. मी ठेवला होता. एकच, डावा, आत राहिलेली बाहुली आणायला. पाठीत धपाटा बसला, पण आजीनं ते पाऊल बुजवलं नाही. मायेनं वगैरे नव्हे. शेण संपलं होतं आणि गोठ्यापर्यंत परत कोण जाणार. पुढच्या सारवणापर्यंत माझं पाऊल ओटीवर होतं आणि येणारे-जाणारे विचारत, हे कुणाचं?

मी उठले, आतल्या भिंतीपाशी गेले, आणि मावशींच्या शेजारी बसून दाराकडे सरकत आले. माझे अर्धगोल वाकडे होते, त्यांनी माझ्या वाट्याच्या टाइल्स पुन्हा पुसल्या. त्यांची सातची बस गेली. माझ्या कुर्त्याचं काय झालं ते सांगत नाही.

शेवट सापडला होता, हे मला रिक्षात त्यांच्याबरोबर बसले तेव्हा कळलं. पुढच्या महिन्यात तोच प्रयोग पुन्हा करायचा होता. या वेळी सगळ्यांनी आतल्या भिंतीपासून सुरू करायचं, खेळत, रंगवत, मागे सरकत दाराशी यायचं आणि बाहेर पडायचं. आत उरेल तो फक्त रंग आणि प्रेक्षक. मी रिक्षातच मावशींना विचारलं, तुम्ही याल का आमच्यात? तसंच, पुसता तसं. त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. "पुसायचे मला पैसे भेटत्यात. नाचायचे किती देता?" मी आकडा सांगितला. त्यांनी थोडा वेळ बाहेर पाहिलं. "नको. लोक बघत्यात." पुढे म्हणाल्या, "अन् मी नाचले तं पुसंल कोण?" हॉलवाल्यांनी साफसफाईचे म्हणून आमच्याकडून वेगळे पाचशे घेतले होते. त्यांतले किती पोचले, असं मी विचारलं, तेव्हा कळलं की असे काही पैसे घेतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वेळी मी ते थेट त्यांच्या हातात दिले आणि हॉलवाल्यांशी माझी वाजली, ती निराळी गोष्ट.

आम्ही त्यांची हालचाल घेतली. चोरली असं म्हणवत नाही आणि विचारून घेतली असंही म्हणता येत नाही. त्या अर्धगोलांवर सगळ्यांचे हात बसवायला तीन रविवार गेले. द्राक्षवाल्यांची ऑक्टोबरची छाटणी जवळ येत होती, त्यामुळे ते शेवटच्या तालमीला नव्हते. काकांना उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून ते लांब दांड्याचं फडकं घेऊन उभ्यानं करायचे. या वेळी मीही उतरले. हळदीत, दोन्ही पाय. खळ थंडगार होती आणि बोटांच्या मधून वर आली तेव्हा मी किंचाळले, त्यावर त्या नऊ वर्षांच्या मुलानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू विचारतोय, तुम्हाला काय वाटलं होतं?

दुसऱ्या प्रयोगाला पंधरा-वीसच माणसं होती. भिंतीपासून दारापर्यंत यायला आम्हाला बावीस मिनिटं लागली. सगळ्यात शेवटी मी. मागे सरकत, हाताचा अर्धगोल काढत, उंबऱ्यावरून शेवटचा हात फिरवला आणि बाहेर पॅसेजमध्ये आले. आत कुणी टाळी वाजवली नाही. ओला रंग चकाकत होता आणि पलीकडच्या भिंतीशी बसलेली माणसं त्याच्यापलीकडे अडकली होती, हे त्यांच्याही हळूहळू लक्षात येत होतं. माझ्या छातीत धडधडत होतं. मावशी दारालगत भिंतीला टेकून बसल्या होत्या, बादली शेजारी. मान लांब करून त्यांनी आत नजर फिरवली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सावकाश.

"डाव्या हाताचा कोपरा राहिला," त्या म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. राहिलाच होता.